दहा आकड्यांची खतावणी

औषधांच्या दुकानात चिठ्ठी पुढे केली की काउंटरवरचा मुलगा गोळ्यांची पाकिटे काढण्याआधी संगणकाकडे वळतो आणि म्हणतो, "नंबर सांगा." तो नाव विचारत नाही, पत्ता विचारत नाही, दहा आकडे मिळाले की त्याचे काम होते. माझ्या आईने गेल्या वर्षी असाच नंबर सांगितला आणि मधुमेहाच्या गोळ्या घेऊन ती घरी आली. पुढच्या पंधरवड्यात तिच्या फोनवर रक्तातील साखर मोजण्याच्या यंत्रांच्या, जांभळाच्या बियांच्या चूर्णाच्या आणि 'साखर मुळापासून घालवा' अशी हमी देणाऱ्या शिबिरांच्या जाहिराती दिसू लागल्या. एका दुपारी "मॅडम, आपल्याला डायबिटिस आहे ना?" अशी विचारणा करणारा फोनही आला. ही माहिती त्या दुकानातूनच बाहेर गेली असे मी म्हणू शकत नाही. त्याच आठवड्यात आईने रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये नंबर दिला होता, फोनवर 'साखर वाढल्यावर काय खाऊ नये' हे शोधले होते आणि पायांना मुंग्या येण्यावरचे दोन व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिले होते. यांपैकी कोणत्या दारातून तिचा आजार घराबाहेर पडला, हे शोधून काढण्याचा मार्ग तिच्याकडे नव्हता आणि माझ्याकडेही नव्हता. तेव्हापासून मी या दहा आकड्यांचा प्रवास समजून घेण्याचा प्रयत्न करतो आहे.

हा प्रवास समजण्यासाठी दुकानदारांच्या जुन्या हिशेबाच्या वह्या आठवाव्यात. रोजकीर्दीत दिवसभराचे व्यवहार घडले त्या क्रमाने उतरवले जात, आणि मग त्याच नोंदी खतावणीत माणसागणिक लावल्या जात. तिथे प्रत्येकाचे खाते वेगळे, प्रत्येकाचे पान वेगळे. रोजकीर्द चाळली तर दुकानात आज काय घडले एवढेच कळे. खतावणीचे एक पान उघडले की मात्र एका घराचे सबंध वर्ष समोर उभे राही: पेरणीला किती उचल घेतली, लेकीच्या लग्नाला किती कापड नेले, कोणत्या महिन्यात उधारी थकली आणि कधी फिटली. आज औषधांचे दुकान, लॅब, बँक, किराणा पोहोचवणारे ॲप, रिक्षा बोलावणारे ॲप, मुलांची शिकवणी, हौसिंग सोसायटीचे फाटक असा प्रत्येक जण आपापली रोजकीर्द लिहीत असतो. त्यातली एकेकटी नोंद क्षुल्लक असते आणि ती देताना आपल्यालाही ती क्षुल्लकच वाटते. या विखुरलेल्या रोजकीर्दींची एकत्र खतावणी करायची तर प्रत्येक नोंदीवर माणसाची एकच आणि न बदलणारी खूण असावी लागते. नाव त्या कामाला येत नाही, कारण एका तालुक्यात एकाच नावाची पन्नास माणसे सापडतात आणि एकच नाव दहा तऱ्हांनी लिहिले जाते. मोबाइल नंबर मात्र सगळीकडे सारखाच लिहिला जातो आणि एका वेळी एकाच माणसाकडे असतो.

तो असा पक्का नेहमीच नव्हता. भारतात पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी तो दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना केला होता. त्यानंतरची कित्येक वर्षे लोक कंपनी बदलताना नंबरही बदलत आणि ओळखीच्या सगळ्यांना 'माझा नवा नंबर' असा निरोप पाठवत. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय झाली. ग्राहकाच्या दृष्टीने ती फार मोठी सोय होती, आणि माझ्या मते आपल्या खासगीपणाच्या इतिहासातली ती एक महत्त्वाची तारीखही आहे, कारण त्या दिवसापासून नंबर बदलण्याचे सर्वांत मोठे कारण संपले आणि दहा आकडे माणसाला आयुष्यभरासाठी चिकटू लागले. पुढे बँकेचा ओटीपी त्याच नंबरावर येऊ लागला, गॅस सिलिंडरची नोंदणी त्यावरून होऊ लागली, २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयने पैसे पाठवण्याचा पत्ताच तो नंबर करून टाकला. आज एखाद्याने नंबर बदलायचा ठरवला तर त्याला किमान डझनभर ठिकाणी खेटे घालावे लागतात, म्हणून कोणी बदलत नाही.

आधार क्रमांकाची गोष्ट याच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. देशातले पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. त्यानंतर त्या बारा आकड्यांविषयी देशात मोठा वाद झाला, लोक न्यायालयात गेले, आणि २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बँक खाते व मोबाइल जोडणी यांना आधार सक्तीने जोडण्याची अट रद्द केली. आधारची झेरॉक्स कोणालाही देऊ नये, द्यायचीच तर शेवटचे चार आकडे सोडून बाकीचे झाकलेली प्रत द्यावी, एवढी जाण आता पुष्कळ घरांत आली आहे. मोबाइल नंबराबाबत अशी जाण आलेली नाही. माणसागणिक नोंदी जुळवण्याचे जे काम आधारने करू नये म्हणून इतका वाद झाला, ते काम मोबाइल नंबर रोज करतो आणि आपण तो रांगेत उभे राहून, मागचे दहा जण ऐकत असताना, मोठ्याने सांगतो.

आता प्रत्यक्ष जोडणी कशी होते ते पाहू. समजा, एका कपड्यांच्या दुकानाकडे पन्नास हजार ग्राहकांचे नंबर आहेत आणि त्याला त्याच लोकांना फोनवर जाहिरात दाखवायची आहे. समाजमाध्यम चालवणाऱ्या मोठ्या कंपन्या त्यासाठी अशी यादी स्वीकारतात, आपल्या सभासदांच्या नंबरांशी ती ताडून पाहतात आणि जे जुळतील त्यांच्यापुढे जाहिरात ठेवतात. यादी देताना नंबर जसेच्या तसे दिले जात नाहीत, ते 'हॅश' करून दिले जातात, असे सांगितले जाते. हॅश म्हणजे एक ठरावीक गणिती रीत: तिच्यात कोणताही मजकूर घातला की बाहेर ६४ अक्षरांची निरर्थक दिसणारी एक माळ येते. त्या माळेवरून मूळ मजकूर उलटा काढता येत नाही आणि मूळ मजकुरातला एक आकडा बदलला तरी सगळी माळ बदलते. इथवर ऐकले की नंबर सुरक्षित आहे असे वाटते. पण त्याच नंबराची माळ प्रत्येक वेळी तीच येते, म्हणून तर दोन्ही याद्या जुळतात. शिवाय भारतातले मोबाइल नंबर दहा आकडी असतात आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे सगळे शक्य असलेले नंबर मिळून ४०० कोटी भरतात. माणसाला ही संख्या अफाट वाटते. खेळांसाठी विकल्या जाणाऱ्या चांगल्या ग्राफिक्स कार्डाला मात्र त्या सगळ्यांच्या माळा तयार करायला काही सेकंद पुरतात. एकदा तो तक्ता तयार झाला की माळ पाहायची आणि समोरचा नंबर वाचायचा. दाराला कुलूप आहे, पण त्याला लागू शकणाऱ्या सगळ्या किल्ल्या एका जुडग्यात मावतात, अशी ही परिस्थिती आहे.

'आम्ही नावे काढून टाकतो' हे दुसरे आश्वासनही असेच तपासून घ्यावे लागते. २०१३ मध्ये संशोधकांनी युरोपातल्या एका देशातील १५ लाख मोबाइलधारकांच्या १५ महिन्यांच्या नोंदी तपासल्या. नावे नव्हती, नंबर नव्हते. कोणता फोन कोणत्या वेळी कोणत्या टॉवरजवळ होता एवढेच होते. कोणत्याही माणसाच्या बाबतीत वेळ आणि ठिकाण यांच्या अवघ्या चार जोड्या ठाऊक असल्या, तर ९५ टक्के लोकांना त्या गर्दीतून वेगळे काढता येते, असे त्यांना आढळले. थोडा विचार केला तर यात आश्चर्य वाटायला नको. सकाळी नऊला डोंबिवलीच्या फलाटावर हजारो लोक असतात, पण त्यांतले साडेदहाला अंधेरीच्या एका विशिष्ट इमारतीत, गुरुवारी संध्याकाळी एका ठरावीक मठात आणि रात्री अकराला एका ठरावीक गल्लीत असणारे किती असतील? ती आपली वहिवाट असते, आणि वहिवाट सही इतकीच स्वतःची असते. धावण्याच्या नोंदी ठेवणाऱ्या स्ट्राव्हा या ॲपने जगभरातल्या धावपटूंच्या वाटांचा एकत्रित, बिननावाचा नकाशा प्रसिद्ध केला होता. जानेवारी २०१८ मध्ये लक्षात आले की अफगाणिस्तान आणि सीरियाच्या ओसाड भागांत त्या नकाशावर उजळलेल्या वाटा सैनिकी तळांचे आराखडे दाखवत होत्या. कोणत्याही एका सैनिकाने कसलेही गुपित फोडले नव्हते. प्रत्येकाने फक्त आपली सकाळची धाव नोंदवली होती.

या सगळ्यात एक गोष्ट मला विशेष बोचते. आपला नंबर आपण एकटेच देत नाही. एखादे ॲप फोनमधल्या नावांची यादी वाचण्याची परवानगी मागते आणि 'अलाउ'वर बोट टेकवणारी व्यक्ती आपल्या यादीतल्या चारशे जणांचे नंबर, त्यांना स्वतः दिलेल्या नावांसकट, एका क्षणात देऊन टाकते. माणसे नंबर कसे साठवतात ते आठवा: 'सुरेश काका हृदयरोग', 'प्लंबर कोथरूड', 'घटस्फोट वकील', 'हप्तावाला'. ज्या माणसाने ते ॲप कधी पाहिलेले नाही त्याच्या नंबरापुढेही अशी ओळख लागू शकते, आणि संमती मात्र त्याच्या पुतण्याने दिलेली असते. व्हॉट्सॲपवरचा मजकूर एप्रिल २०१६ पासून पाठवणारा आणि घेणारा यांच्याशिवाय कोणाला वाचता येत नाही, ही चांगली गोष्ट आहे. पण कोण कोणाशी, किती वाजता, किती वेळा बोलले याला ते कुलूप लागू होत नाही. रात्री दोन वाजता कर्करोगतज्ज्ञाला फोन, मग भावाला, मग विमा कंपनीला, एवढ्या तीन नोंदी दिसल्या तर मजकूर वाचायची गरज उरत नाही.

"आपल्याला लपवण्यासारखे आहे तरी काय?" असे आई मला म्हणाली होती, आणि हा प्रश्न मी अनेक सज्जन माणसांच्या तोंडून ऐकला आहे. त्याचे उत्तर मला आमच्या जुन्या घराच्या रचनेत सापडते. ओटीवर कोणीही यावे, बसावे, पाणी प्यावे. माजघरात नात्याची माणसे येत. स्वयंपाकघरात त्याहून थोडी, आणि बाळंतिणीच्या खोलीत तर घरातल्या बायकांशिवाय कोणी नाही. त्या खोलीत लपवण्यासारखे काहीच नसे. बाळ झाल्याचे पेढे सगळ्या आळीत वाटले जात. कोणती गोष्ट कोणत्या उंबरठ्यापर्यंत जावी याची एक रीत होती आणि ती मोडली की दुखावल्यासारखे वाटे. तत्त्वज्ञ हेलन निसेनबॉम यांनी २००४ मध्ये खासगीपणाचा नेमका हाच अर्थ मांडला: माहिती ज्या संबंधात दिली गेली त्या संबंधाच्या रीतीप्रमाणेच ती पुढे वाहिली पाहिजे. आईचा मधुमेह डॉक्टरांना, औषधवाल्याला, शेजारच्या काकूंना ठाऊक आहे आणि तिला त्याचे काही वाटत नाही. तोच आजार शिबिर भरवणाऱ्या अनोळखी माणसाला ठाऊक असणे म्हणजे कोणीतरी ओटीवरून थेट आत येण्यासारखे आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. ते प्रकरण न्यायालयापुढे नेणारे के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश होते, आणि खटला सुरू झाला तेव्हा त्यांचे वय ८० च्या पुढे होते. आई म्हणते ते 'लपवणे' आणि न्यायालय म्हणते तो 'हक्क' यांत या उंबरठ्यांचाच फरक आहे.

खतावणी तयार झाली की तिचे पुढे काय होते, हा भाग आपल्या विचारांशी जोडलेला आहे आणि त्याकडे आपले लक्ष सर्वांत कमी जाते. आपण बातम्यांचे एखादे पान उघडतो तेव्हा ते पडद्यावर उमटण्याआधी, साधारण एका सेकंदाच्या दहाव्या हिश्शात, त्यावरच्या रिकाम्या जागेचा लिलाव होतो. हा वाचक साधारण कुठे आहे, कोणता फोन वापरतो, त्याला कशात रस असावा, ही माहिती बोली लावणाऱ्या अनेक कंपन्यांकडे जाते, आणि लिलाव एकच जण जिंकला तरी माहिती सगळ्यांच्या हाती पडलेली असते. जाहिरात दिसणे हा या व्यवहाराचा लहान भाग आहे. मोठा भाग असा की खतावणीच्या पानावरून यंत्र आपल्याविषयी अंदाज बांधते आणि त्या अंदाजाप्रमाणे पुढे काय दाखवायचे ते ठरवते. यूट्यूबवर लोक जेवढा वेळ व्हिडिओ पाहतात त्यातला ७० टक्क्यांहून अधिक वेळ शिफारशींमुळे घडतो, असे त्या कंपनीनेच २०१८ मध्ये सांगितले होते. शिफारस करणारे यंत्र खरे-खोटे किंवा हिताचे-अहिताचे तोलत बसत नाही. हा माणूस पुढे काय पाहत राहील, याची शक्यता ते मोजते. त्या मोजणीतला एक लहानसा आकडाही केवढा फरक करतो ते फेसबुकच्या उदाहरणावरून दिसते. २०१७ पासून काही काळ तिथल्या क्रमवारीत साध्या लाइकला एक गुण आणि संतापाच्या चेहऱ्यासह इतर भावचिन्हांना पाच गुण दिले जात होते. लोकांना चिडवणारा मजकूर त्यामुळे आपोआप वर येत गेला. पुढे कंपनीने संतापाच्या चिन्हाचे वजन उतरवत नेऊन २०२० मध्ये शून्यावर आणले. मधल्या वर्षांत कोट्यवधी लोकांना आपल्या भोवतीचे जग जेवढे संतापलेले दिसले, त्यातला काही हिस्सा त्या पाच गुणांचा होता.

आईच्या बाबतीत हे मी जवळून पाहिले. तिने सुरुवातीला पाहिलेले दोन व्हिडिओ एका डॉक्टरांचे होते आणि त्यांत वावगे काही नव्हते. महिन्याभराने मी तिचा फोन हातात घेतला तेव्हा पहिल्या पानावर ओळीने कारल्याचा रस, मेथीचे पाणी, 'डॉक्टर तुम्हाला हे सांगणार नाहीत' आणि 'गोळ्यांनी किडनी खराब होते' असे व्हिडिओ होते. माझ्या फोनवर तेच ॲप उघडले तर त्यातले एकही नव्हते. तिथे क्रिकेट आणि जुन्या मोटारींची दुरुस्ती होती. आम्ही दोघे एका सोफ्यावर बसलो होतो आणि दोन वेगळ्या गावांत राहत होतो. त्या आठवड्यात आईने रात्रीची गोळी दोनदा टाळली होती. तिला कोणी फसवले नव्हते किंवा काही विकतही घ्यायला लावले नव्हते. एकच गोष्ट तिने वेगवेगळ्या तोंडांतून चाळीसदा ऐकली होती, आणि चाळीस माणसे म्हणतात म्हणजे त्यात काहीतरी तथ्य असणार, असा तिने सरळ विचार केला होता. गावात चाळीस माणसे एक गोष्ट म्हणाली तर तो विचार चुकीचा ठरत नाही. फोनमधली ती चाळीस माणसे मात्र तिच्याच आधीच्या पाहण्यावरून निवडलेली होती, आणि पडद्यावर त्याची कसलीही खूण नव्हती. आम्ही दोघांनी मिळून त्या ॲपमधला पाहिल्याचा आणि शोधल्याचा इतिहास पुसला. ती सोय सेटिंगमध्ये असते आणि पाच मिनिटांचे काम आहे. दुसऱ्या दिवशी ते पान बरेच निवळले होते. गोळ्यांविषयी बोलायला मात्र डॉक्टरांकडेच जावे लागले.

फोनमुळे विचारशक्ती आणि स्मरणशक्ती कमी होते, असे सरसकट म्हणणे मला पटत नाही. त्याबाबतचे पुरावे संमिश्र आहेत. माहिती संगणकावर साठवलेली राहणार आहे असे ठाऊक असले, तर माणसे ती माहिती कमी लक्षात ठेवतात आणि ती कुठे ठेवली आहे हे अधिक लक्षात ठेवतात, असे २०११ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले होते. त्याच अभ्यासातला एक प्रयोग इतर संशोधकांनी पुन्हा केला तेव्हा तसा निकाल आला नाही, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा भीती घालण्यापेक्षा स्वतःकडे पाहावे. एसटीडी बूथच्या काळातले आत्याच्या घरचे लँडलाइन नंबर मला आजही पाठ आहेत. माझ्या मुलीचा नंबर मला पाठ नाही. आपला नंबर शेकडो यंत्रांना पाठ आहे आणि आपल्याला जवळच्या माणसांचेही नंबर आठवत नाहीत, ही अदलाबदल अडचणीच्या वेळी जाणवते. फोन हरवला, बंद पडला, पोलिस चौकीत बसून घरी कळवायचे आहे, अशा वेळी दोन नंबर पाठ असलेला माणूस निश्चिंत असतो. घरातल्या लहान मुलांना तरी दोन नंबर पाठ करून घ्यावेत, असे मी आग्रहाने सांगेन.

खतावणी ठकांच्या हाती पडली की काय होते, हेही इथेच सांगायला हवे. 'डिजिटल अरेस्ट'च्या नावाने, म्हणजे पोलिस असल्याचे भासवून व्हिडिओ कॉलवरच अटक केल्याचे सांगत, लोकांना लुबाडणारा माणूस फोनवर पहिल्या मिनिटात आपले पूर्ण नाव, पत्ता, कधी आधारचे शेवटचे चार आकडेही सांगतो. एवढे ठाऊक आहे म्हणजे हा खरोखर सरकारी माणूस असणार, असे ऐकणाऱ्याला वाटते. या फसवणुकीत निवृत्त अधिकारी आणि शिक्षितही सापडतात, ते या पहिल्या मिनिटामुळे. व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची कोणतीही तरतूद भारतीय कायद्यात नाही. आपले नाव-गाव ठाऊक असणे हा आता कोणाच्याही खरेपणाचा पुरावा राहिलेला नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना शांतपणे समजावून सांगणे गरजेचे आहे. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे. जितके लवकर कळवू तितकी ती रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता अधिक असते.

कायदा या बाबतीत उशिरा आला, पण आला आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि माहिती गोळा करणाऱ्यांवरची मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत. ज्या कामासाठी माहिती घेतली त्या कामाला जेवढी लागते तेवढ्यापुरतीच संमती मानली जाईल, हे त्याचे सर्वांत मोलाचे कलम आहे. कायद्यातच एक दाखला दिला आहे: फोनवरून वैद्यकीय सल्ला देणाऱ्या ॲपने नावांच्या यादीची परवानगी मागितली आणि ग्राहकाने 'हो' म्हटले, तरी सल्ल्याला ती यादी लागत नसल्यामुळे त्या भागापुरती संमती धरली जाणार नाही. संमती मागणारी सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत मिळण्याची सोय असली पाहिजे, म्हणजे ती मराठीत मागण्याचा आपल्याला अधिकार आहे. संमती देणे जेवढे सोपे, तेवढेच ती मागे घेणेही सोपे असले पाहिजे. अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढून त्यांना जाहिराती दाखवायला बंदी आहे. माहितीच्या सुरक्षेत हयगय केली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सरकारी यंत्रणांना या कायद्यातून मोठ्या सवलती मिळू शकतात, आणि याच कायद्याने माहिती अधिकारातले व्यक्तिगत माहितीविषयीचे कलम बदलले आहे. त्यामुळे सार्वजनिक कामांचे हिशेब मागणाऱ्या नागरिकांची वाट अवघड होईल, अशी टीका माहिती अधिकार कार्यकर्त्यांनी केली आहे आणि मला ती रास्त वाटते. सामान्य माणसाचे घर झाकावे आणि सरकारचे कपाट उघडे असावे, ही अपेक्षा दोन्ही हक्कांमागे एकच आहे.

कायदा पूर्ण लागू होईपर्यंतही बरेच काही आपल्या हाती आहे. बिल देण्यासाठी ग्राहकाच्या नंबराची सक्ती करू नये, असे केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्ये विक्रेत्यांना कळवले आहे. नंबर मागितला तर 'कशासाठी हवा?' एवढे विचारणे हा उद्धटपणा नाही. फोनच्या सेटिंगमध्ये परवानग्यांची यादी असते. टॉर्चच्या ॲपला नावांची यादी आणि कॅल्क्युलेटरला ठिकाण कशासाठी लागते, हे तिथे एकदा बसून पाहावे. ठिकाणाची परवानगी 'ॲप वापरात असतानाच' एवढी पुरते. अँड्रॉइड फोनमध्ये जाहिरातींसाठीची ओळख पुसण्याची सोय आहे. आपल्या नावावर किती सिमकार्डे चालू आहेत ते 'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. जुना नंबर सोडताना तो बँक आणि इतर सगळीकडून आधी काढून घ्यावा, कारण बंद झालेला नंबर किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या कोणाला तरी दिला जातो आणि आपले ओटीपी त्याच्या हाती पडू शकतात. या उपायांनी खतावणी बंद होत नाही, पण तिच्यातल्या नोंदी नक्की कमी होतात.

गेल्या महिन्यात आई आणि मी त्याच औषधांच्या दुकानात गेलो होतो. मुलाने नेहमीप्रमाणे संगणकाकडे वळून नंबर विचारला. आई म्हणाली, "बाळा, नंबर कशाला हवा? पैसे रोख देते आहे, चिठ्ठीवर डॉक्टरांचे नाव आहे." तो क्षणभर थांबला. "आजी, रकाना रिकामा ठेवला तर बिल निघत नाही," असे म्हणून त्याने नऊचे बटण दहा वेळा दाबले. बिल निघाले. आईने गोळ्या मोजून पिशवीत टाकल्या, बिलावरची तारीख आणि औषधांची नावे चष्मा लावून ताडून पाहिली आणि तो कागद घडी घालून पाकिटात ठेवला.